गोड भरडा

३ मार्च, आसेगाव

आलो एकदाचा. शेतकऱ्यांच्या कंपनीचं बियाण्याचं गोदाम आता माझ्या ताब्यात. चाव्यांचा जुडगा कमरेला लावून दिवसभर उगाचच खुळखुळत हिंडलो. राहायला जागाही झकास मिळाली, जानरावभाऊंच्या घरातली रस्त्याकडची खोली. भाजीपाला पिकवणारी माणसं. दारात मेथीच्या जुड्यांचा ढीग, घरभर सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वास. जानरावभाऊ, त्यांच्या घरच्या सोजरकाकू, मुलगा गणेश, सून वैजयंतीवहिनी आणि जानरावभाऊंची म्हातारी आत्या, आवडाबाई. आत्याला ऐकू कमी येतं, पण नजर घारीची. जमिनीवर सांडलेला दाणाही उचलून तोंडात टाकते. मला म्हणाली, अन्न पायाखाली जाऊ नये बापा. डबा वहिनी करणार. पहिल्याच ठेच्याने कानातून धूर काढला.

५ मार्च

घरात उंदीर आहेत, आणि बरेच. सोजरकाकू त्यांना ‘मामा’ म्हणतात. नाव घेतलं तर रागावून लुगडी कुरतडतात म्हणे. मी हसलो. अकोल्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण उगाच घेतलंय का? सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं. संध्याकाळी बिळं बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील ती नांदती. तिथे तीन दिवस नुसता गूळ-तेलाचा भरडा ठेवायचा. उंदीर भारी संशयी, त्याला आधी भरवसा वाटू द्यायचा. चौथ्या दिवशी त्याच भरड्यात औषध.

वहिनी म्हणाल्या, “हे तं दगा देनं झालं.” सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

९ मार्च

तीन दिवस भरडा फस्त. आज औषधाच्या पुड्या ठेवल्या. घरात बारा. कंपनीच्या रद्दी पावत्यांत बांधल्या, सगळ्या माझ्याच अक्षरातल्या. जानरावभाऊ, काकू, गणेश, वहिनी, सर्वांना बजावलं. आत्या मळ्यात गेली होती. तिला ओरडून सांगावं लागतं, काकू सांगतीलच.

११ मार्च

नऊ मेले. शिल्लक पुड्या उचलून खड्ड्यात पुरल्या. अकरा सापडल्या. बारावी घडवंचीमागे असणार, पण वर भरलेले रांजण, एकट्याला हलेना. मंगरूळपीरला बैठक होती आणि बस निघायच्या बेतात. जानरावभाऊंनी विचारलं, सगळ्या उचलल्या ना? मी हो म्हणालो. संध्याकाळी आल्यावर बघू म्हटलं, आणि आल्यावर दमलो होतो.

१२ मार्च

आवडाआत्या गेली. सकाळपासून उलट्या. गाडी येईपर्यंत खेळ संपला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. दुपारी अग्नी दिला. मी खांदा दिला.

परत आल्यावर, सगळे आंघोळीला गेलेले असताना घडवंचीमागे हात घातला. पुडी नाही.

१४ मार्च

लोक बसायला येतात. आज सोजरकाकूंनी भरल्या बैठकीत सांगितलं, “हिनंच म्हातारीले शिळी कढी वाढली. मी माह्या डोयानं पाह्यलं.” वहिनी म्हणाल्या, ताजी होती. कोणी ऐकून घेतलं नाही. गणेश मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत होता. मी त्याच्या शेजारीच. तोंड उघडलं आणि म्हणालो, पाणी मिळेल का?

पाणी वहिनींनीच आणून दिलं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

१८ मार्च

ठरलं. तेरवी झाली की वहिनींचा भाऊ रिठदहून येऊन त्यांना घेऊन जाणार. कायमचं.

आज सांगणारच होतो. उंबऱ्यापर्यंत गेलोही. जानरावभाऊ म्हणाले, “हरीओमभाऊ, तुमच्यासारखा शिकेल मानूस घरात हाय, तेवढाच आधार.” परत फिरलो. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, ते आहेच. पण खरं लिहितो, मला भीती वाटते ती सांगितल्यानंतर त्यांचा चेहरा बघायची. थू माझ्यावर.

२१ मार्च

डब्यात भाकरीशेजारी एक वाटी. गूळ-तेलाचा भरडा.

तेरवीपर्यंत या घरात गोड शिजत नाही. फोडणीसुद्धा नाही. वहिनी डबा ठेवताना हळूच म्हणाल्या, खाऊन घ्या. खाल्ला. परत दिला असता तर का ते सांगावं लागलं असतं.

२२ मार्च

पुन्हा वाटी. वाटीखाली घडी घातलेला कागद. रद्दी पावती, माझं अक्षर, मधोमध तेलाचा डाग. आत्याच्या उशाखाली सापडला असेल. कुठे का असेना.

वहिनींना माहीत आहे. तरी बोलत नाहीत. कढीचं कोणी ऐकलं नाही, याचं कोण ऐकणार — बोलायचं आहे ते मीच.

खाल्ला. रिकामी वाटी नीट धुऊन दिली.

२३ मार्च

तिसरी वाटी.

माझ्या खोलीतल्या कपाटातला उंदरांच्या औषधाचा डबा नाही. कुलूप जागच्या जागी. चाव्या मी आंघोळीला जाताना खुंटीला लावतो —

उद्या चौथा दिवस. उद्याचा डबा गुपचूप गटारीत ओतायचा, हे मी चटकन ठरवलं. सांगून टाकायचं हे मात्र ठरेना. असा माणूस आहे मी.

२४ मार्च, सकाळचे अकरा

डबा आला नाही.

आज तेरवी. सुतक फिटलं, सगळ्यांनाच गोड. अंगणात घरच्यांची पंगत. गुळाची लापशी, भरडलेल्या गव्हाची. वहिनींनी एकट्याने केली, जाण्याआधी शेवटचं म्हणून. काकूंनीही नको म्हटलं नाही.

मलाही पानावर बसवलं. वहिनी परात घेऊन माझ्यासमोर थांबल्या. सगळ्यांदेखत विचारलं, “हरीओमभाऊ, जेवनाच्या आधी काई सांगाचं हाय का तुमाले?”

मी नाही म्हणालो.

नाही म्हणालो! पोट बरं नाही म्हणून उठून खोलीत आलो. दार लावलं. आणि हे लिहितोय.

कदाचित लापशीत काही नसेल. मला भिववायला — नुसतं भिववायला —

खिडकीतून दिसतंय. काकूंचं पान वाढलं. गणेशचं. वहिनींनी स्वतःचंही वाढून घेतलं. नुसतं “थांबा” म्हणायचं आहे. मग विचारतील, का थांबा. मग सगळं —

जानरावभाऊ पानाभोवती पाणी फिरवताहेत.

वहिनी जेवत नाहीत. खिडकीकडे बघताहेत. माझ्याकडे. अजून वाट बघताहेत —

उठतो. एवढी ओळ झाली की उठतो. जानरावभाऊंनी घास उचलला, हात तोंडापाशी — ओरडतो, आता ओर