पालीच्या वाटेवरचे मुक्काम

प्रिय यमुना,

काल संध्याकाळी पालीहून परत आलो. आळीतले लोक येऊन गेले. दर्शन कसं झालं, जत्रेला गर्दी किती होती, बैल दमले का, सगळं विचारून झालं. पण मुक्काम कुठं केलात, हे एकानंही विचारलं नाही. तू असतीस तर पहिला प्रश्न तोच असता. बाहेरगावाहून कुणीही आलं तरी 'काय पाहिलंत?' असं तू कधी विचारलं नाहीस. राहिलात कुठं? पाणी गोड होतं का? पोरं निजली का? या वेळी उत्तर माझ्याकडे तयार आहे आणि विचारणारं कुणी नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

शाळेचे कागद सोडले तर मला लिहिण्याची सवय नाही, हे तू जाणतेस. तुला पत्र लिहायची तर कधी वेळच आली नाही. तुझं माहेर इथंच थळात, दोन आळ्या पलीकडे. तू माहेरी गेलीस तरी संध्याकाळी तुझी हाक इथवर ऐकू यायची.

चिमीचा नवस तू बोलली होतीस. ती तान्ही असताना दुखण्यातून उठली, तेव्हा 'पाच वर्षांची होईपर्यंत दर माघात हिला पालीला आणीन' असं तू बल्लाळेश्वराला सांगून बसलीस. मला नंतर सांगितलंस! चार माघ तू तिला नेलंस. पाचव्याच्या आधी आश्विनातल्या त्या तापानं तुला नेलं.

वर्षश्राद्ध झाल्याशिवाय जाऊ नये, असं काहींचं म्हणणं पडलं. तुझ्या भावानं, गोपाळनं, एका वाक्यात विषय संपवला. "नवस माज्या भैनीचा हाय. तो थांबायचा न्हाय."

मग आणखी कुणी म्हणालं, आता नागोठण्याकडे मोटार जाते, तिनं जा, लवकर पोचाल. खरं सांगू? मलाही तेच बरं वाटलं होतं. मोटारीत बसलं की जागा शोधायला नको, मुक्काम नको. पण आपल्या थोरल्या ताईनं माझ्यादेखत गाडीत पेंढा पसरला, त्यावर तुझी निळी गोधडी घातली आणि आत गेली. बारा वर्षांची पोर! तिच्यापुढं माझं काही चालत नाही. तिच्या आईपुढं तरी कुठं चालत होतं?

तुला तो खाडीकाठचा मुक्काम आठवतो ना? आपण पहिल्यांदा पालीला निघालो होतो. ताई तीन वर्षांची होती. मी घरूनच वही तयार केली होती. कुठल्या गावाला विहीर, कुठं आमराई, कुठं देवळाची ओसरी, सगळं लोकांना विचारून लिहिलं होतं. प्रत्येक जागेपुढं उत्तम, मध्यम, असा शेरा. तू गोपाळला म्हणालीस, "देवळात उतरलो तर हे देवालासुदिक नापास करतील." आणि तुम्ही दोघं भाऊबहीण पोयनाड येईपर्यंत हसत होतात.

पोयनाडच्या पुढं खाडीच्या कडेला मला ती जागा दिसली. वहीत नव्हती, पण वहीतल्या सगळ्या जागांहून सरस. सपाट, पांढुरकी, ना काटा, ना दगड, ना गवताची काडी. मी छत्री रोवली आणि म्हटलं, "दुपारची भाकरी इथं."

तू बांधावर उभ्या गाडीतून ताईला घेऊन उतरलीस. इकडंतिकडं पाहिलंस. मग विचारलंस, "अवो, एवढी लख्ख जागा! इथं झाडतं कोण?"

मला वाटलं, थट्टाच करतेस.

"पोर बसत न्हाय हितं," तू पुन्हा म्हणालीस. ताई तुझा पदर धरून उभी होती, खाली टेकायला तयार नव्हती.

"पोरीला काय कळतंय?" मी म्हटलं.

तू वाद घातला नाहीस. ताईला उचललंस, भाकऱ्यांचं फडकं उचललंस आणि गाडीत जाऊन बसलीस. मी हट्टानं तिथंच पंचा पसरून आडवा झालो. पहाटेपासूनचा गाडीचा हिसका अंगात होता. डोळा लागला.

मी कर्जतच्या डोंगरातला माणूस. अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत भर दुपारी उधाणाचं पाणी तिथवर चढतं आणि ती जमीन झाडून पुसून नेतं, हे मला कुणी शिकवलं होतं? पाणी कसं आलं ते मला कळलंच नाही. आवाज नाही, लाट नाही. झोपेत पायांना काहीतरी गार लागलं, जसं कुणी हलक्या हातानं पाय धुतंय. डोळे उघडले तर चहूकडे आभाळच पसरलेलं, वर आणि खालीही. माझी एक वहाण त्या आभाळातून सावकाश पलीकडे निघाली होती. आणि बांधावर, गाडीत, तू तोंडाला पदर लावून हसत होतीस!

"उठवलं का नाहीस?" मी ओरडलो.

"तुमीच म्हणलात ना, हीच जागा?"

गुडघाभर पाण्यातून मी बाहेर आलो तेव्हा गोपाळ बैलांना पाणी दाखवून परत आला होता. त्यानं मला नीट न्याहाळलं. "मास्तर, वहीत काय शेरा मारताव हिला?"

आज इतक्या वर्षांनी विचारतो, यमुना, पाणी येणार हे तुला ठाऊक होतं, तर सरळ का नाही सांगितलंस? की सांगितलं होतंस, आणि मीच ऐकलं नाही?

त्या दिवसापासून जागा तू ठरवायचीस. तुझी तऱ्हा मला कधी उमगली नाही. मी विहीर दहा पावलांवर आहे म्हणून 'उत्तम' लिहायचो. तू म्हणायचीस, "पोरं हायत. एवढी जवळ विहीर कशाला?" मी एकांत शोधायचो, तू वस्ती शोधायचीस. शेजारच्या झोपडीत तान्हं रडताना ऐकलंस की तुझा चेहरा खुलायचा. दुसऱ्याचं पोर रडतंय तिथं आपलं रडलं तर कुणी कटकट करत नाही, असं तुझं म्हणणं. बायकांना जायला आडोसा कुठं आहे, हे तर माझ्या वहीत एकाही पानावर नव्हतं. किती शिकलेला माणूस मी!

आणि सगळं पाहून झालं की शेवटी तू पोरीला खाली सोडायचीस. आधी ताई, पुढं चिमी. पोर मातीत बसून खेळायला लागली तर मुक्काम. अंगाला चिकटली तर गाडी पुढं. कधी कधी मला राग यायचा. बैल दमलेत, दिवस कलतोय, आणि आपला मुक्काम एक बोबडी पोर ठरवतेय!

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच एवढं लांबण लावलं.

तू गेल्यापासून चिमी उंबऱ्याबाहेर जमिनीला पाय लावत नाही. घरात चालते, खेळते. दाराबाहेर निघालं की कुणाच्या तरी कडेवर. तुला नेलं त्या दिवशी कुणीतरी तिला कडेवरून उतरवून अंगणात ठेवलं होतं, आणि सगळे पुरुष निघून गेलो. मीही गेलो. परत आलो तेव्हा ती त्याच जागी उभी होती. तेव्हापासून हे असं आहे. माझा खांदा भरून येतो, पण 'उतर' म्हणायचा मला धीर होत नाही.

म्हणजे पाहा, जिला विचारून जागा ठरवायची, तीच खाली उतरेना. मी काय करायचं होतं?

प्रतिपदेला पहाटे निघालो. धुकं इतकं होतं की बैलांची शिंगं दिसत नव्हती, नुसती घुंगरं पुढं चाललेली. पहिल्या दिवशी दुपारी, तू दर वर्षी उतरायचीस ती आमराई गाठली. सावली, वस्ती, आडोसा, सगळं होतं. विहीरसुद्धा तुझ्या मनासारखी, हाकेच्या अंतरावर. चिमी गोपाळच्या मानेला घट्ट धरून होती. मी छत्रीनं जमीन दाखवत होतो, "हे बघ चिमे, केवढी सावली! ही बघ मुंग्यांची रांग!" तिनं तोंड फिरवलं. भाकरी तिनं मामाच्या मांडीवर खाल्ली आणि रात्री ताईला बिलगून गाडीतच निजली.

दुसऱ्या दिवशी नागोठण्याला जत्रेच्या खूप गाड्या उतरल्या होत्या. चहूकडे चुली, पोरंच पोरं. मला आशा वाटली. एक पोरगी येऊन चिमीला सागरगोटे दाखवून गेली. चिमीनं हात पुढं केला, पण पाय वर ओढून घेतले.

गोपाळ एरवी सारखी थट्टा करतो. त्या दिवशी तो बैलांशीसुद्धा बोलला नाही. मला म्हणाला, "मास्तर, ही अशीच ऱ्हायली तर?" मी दोन दिवस तोच विचार करत होतो. हिला असंच उचलून देवाच्या पायांवर घालायचं आणि म्हणायचं, नवस फिटला? तू हिला चालती-बोलती मागून घेतली होतीस ना?

तिसऱ्या दिवशी, पाली थोडी उरली असताना, अंबा नदीच्या काठी शेवटचं उतरलो. मी नेहमीप्रमाणे विहीर कुठं, वस्ती कुठं, पाहत फिरत होतो. ताई चुलीचे दगड मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा ना."

"जागा बघतोय गं."

"आई उभ्यानं बघत नव्हती."

"म्हणजे?"

"ती आधी स्वतः खाली बसायची. पाय पसरून. मग चिमीला सोडायची." तिनं चुलीचा दगड सरकवला. "तुम्ही सारखे उभेच असता."

यमुना, मी हे कसं पाहिलं नाही? नऊ वर्षं आपण त्या वाटेनं गेलो. तू बसायचीस तेव्हा मी कुठं असायचो? विहिरीवर. पावलं मोजत.

मी छत्री मिटली. शाळेचा कोट अंगात होता तसाच खाली बसलो. पाय पसरले. असा मी लहानपणानंतर कधी बसलो नव्हतो.

"मास्तर, चक्कर आली का काय?" गोपाळ धावत आला.

"नाही. बसलोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "मंग मी बी बसतो," म्हणाला आणि चिमीला मांडीवर घेऊन थोडा लांब बसला.

जमीन कोवळ्या उन्हानं ऊबदार झाली होती. नदीचं पाणी दगडांवरून जात होतं, पलीकडे कुणाच्या तरी गाडीची घुंगरं थांबत होती, पुन्हा वाजत होती. तीन दिवसांचा शीण होता. माझे डोळे मिटले. आणि अर्धवट झोपेत ती खाडीकाठची दुपार पुन्हा आली. वर-खाली आभाळ, सावकाश जाणारी वहाण, बांधावर तुझं हसू. मग पायांना काहीतरी हलकंसं लागलं. मला वाटलं, पाणी आलं. वाटलं, या वेळी उठायचं नाही, येऊ दे.

पण ते गार नव्हतं. डोळे उघडले तर माझ्या पायांपाशी चिमी उभी. मातीत, अनवाणी. हातात आंब्याची डहाळी, आणि माझ्या पायांभोवतीचा पाचोळा ती खाली वाकून बाजूला सारत होती.

"काय चाललंय गो?" गोपाळनं हळूच विचारलं.

"झाडतेय," ती म्हणाली. मग मला, अगदी तुझ्या आवाजात, "बाबा, पाय उचला."

मी पाय उचलले.

ताईनं चुलीकडे तोंड फिरवलं. धूर फार झाला होता म्हणाली. अजून चूल पेटलीही नव्हती.

चतुर्थीला देवळात चिमी आपल्या पायांनी गेली, ताईचा हात धरून. खोटं कशाला सांगू, बाहेर गर्दी दिसली तेव्हा पुन्हा माझ्या कडेवर आली, आणि परतीच्या वाटेवर पहिल्या मुक्कामी उतरायला तिनं बराच वेळ घेतला. मी बसून राहिलो. घाई कसली होती?

आज सकाळी ती अंगणात गेली. त्याच जागी जरा उभी राहिली. मी ओसरीवरून उठलो आणि तिच्याजवळ मातीत जाऊन बसलो. शाळेला पाऊण तास उशीर झाला. मुलांना सांगितलं, मास्तरांना काम होतं.

तुझा नवस फिटला, यमुना. पुढच्या माघात जायला आता कारण उरलं नाही. तरी जाऊ. मोटारीनं नाही, गाडी जोडूनच. निळी गोधडी घेऊ, वही घरी ठेवू. वाटेत जिथं उतरू तिथं आधी मी खाली बसेन, आणि दोन्ही पोरी उतरून खेळायला लागेपर्यंत उठणार नाही. पाणी आलं तरी!

तुझा,
ताईचे आणि चिमीचे बाबा