कामाले जात नाही

बाबा, तुम्ही मोजलेलं आपलं गाव शेवटी छापून आलं. तुम्ही असतात तर चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून पुस्तक उजेडाकडे धरलं असतं आणि "बघू, काय दिवे लावले आहेत" म्हणत आपल्या गावाची ओळ शोधली असती. एक्याऐंशीची जनगणना तुम्ही केलीत, शाळा सांभाळून, घरोघर फिरून, आणि आकडे यायच्या आत गेलात. मला वाटत राहतं की तुम्ही निकाल न पाहताच परीक्षेच्या हॉलमधून उठून गेलात. म्हणून आता इतक्या वर्षांनी निकाल सांगते. तो चांगला नव्हता. मी तुमच्यावर फार चिडले होते, हेही आधीच सांगून टाकते.

तुम्ही गेल्यानंतरच्या दिवाळीत शेजारच्या काकीच्या लेकराला वावरात विंचू चावला. काकी कापूस वेचत होती आणि लेकरू बांधावर, धुऱ्यावरच्या निंबाच्या सावलीत फडक्यावर निजवलेलं. वाचलं, पण काकीने धसका घेतला. मोठ्या पोरीला तिने शाळेतून काढलं आणि लेकराजवळ बसवलं. आठ वर्षांची असेल. तुमच्याच वर्गातली ती, पाढे घडाघडा म्हणायची. तेव्हा बायकांनी ठरवलं की गावात बालवाडी पाहिजे, आणि मी नागपुरात सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. तो लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले आणि बालवाड्या मंजूर करणाऱ्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, कपाटातून जनगणनेचं जाड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि म्हणाले, "बाई, बालवाडी आधी कुठे, तर जिथल्या आया कामाला जातात तिथे. तुमच्या गावात बायका कामच करत नाहीत." मी म्हटलं, असं कसं होईल? त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात, आपलं अख्खं गाव एका ओळीत आणि ती ओळ दोन पानांवर पसरलेली. नजर जरा घसरली की शेजारच्या गावाची विहीर आपल्या नावावर. मी टेबलावरची पट्टी मागून घेतली, ओळीखाली धरली आणि सरकवत गेले. काम करणाऱ्या बायकांच्या रकान्यात जो आकडा होता तो माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर मावला असता.

एसटीत बसले आणि खिडकीकडे तोंड करून तुमच्याशी भांडायला लागले. हे गाव तुम्ही मोजलं होतं ना? पहाटे डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन नाल्यापलीकडे जाणारी ती बायकांची रांग तुमच्या शाळेसमोरूनच जायची. तुम्ही घंटा द्यायचात तेव्हा त्या जायच्या आणि शाळा सुटून तुम्ही ओट्यावर बसायचात तेव्हा परत यायच्या. आणि आपल्या घरचं काय? तुमची शाळा, म्हणून वावर आईचं. पेरणीला तिफणीमागे ती, निंदणीला ती, वेचणीला ती. तुम्ही रविवारी जायचात आणि सोमवारी त्याबद्दल आठ जणांना सांगायचात. असं असताना तुमच्या पेनातून तिच्या नावापुढे 'काम करत नाही' उतरलं कसं?

गणतीच्या त्या दिवसांत मी माहेरी आले होते. तुम्ही कागदांची पिशवी घेऊन निघायचात आणि मी कौतुकाने दोन-चार घरं मागे मागे यायची. काकीने वय सांगितलं तेव्हा मी खुदकन हसले होते. "बाबा, काकीचं वय मी चौथीत होते तेव्हाही हेच होतं," असं म्हणाले, आणि तुम्ही भर अंगणात मला झापलंत. "गणती करणाऱ्याला कान असतात, तोंड नसतं. सांगितलं ते लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही." लग्न झालेल्या मुलीला असं चारचौघांत बोलावं का, म्हणून मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते. आपलं घर तुम्ही सगळ्यात शेवटी घेतलंत, रात्रीच्या जेवणाआधी, स्वयंपाकघरात चुलीपुढे पाटावर बसून. आई भाकरी थापत होती. मी मात्र तेव्हा माझ्या लेकराला निजवायला आत गेले होते आणि तुम्हा दोघांत काय बोलणं झालं ते ऐकलं नाही.

मग मी ठरवलं की ती ओळ कपाटात राहू द्यायची नाही. ज्या गावाची ती आहे त्या गावाला ती वाचता आली पाहिजे. एका रविवारी नागपूरहून, नंदनवनातल्या माझ्या घरून, पहिली बस धरून आले. तुमच्या जागी आलेल्या गुरुजींची परवानगी काढली आणि शाळेची बाहेरची भिंत चुन्याने रंगवून गेरूने तिच्यावर आपली ओळ मराठीत उतरवली. घरं किती, माणसं किती, बाया किती, वाचता येणारे किती, शाळा आहे, दवाखाना नाही, पिण्याचं पाणी विहिरीचं. हां हां म्हणता गर्दी जमली. एक म्हातारा विहिरीपाशी आला आणि थांबला. "विहीर हाये म्हणते सरकार. उन्हाळ्यात या म्हणा, पाणी दाखवा म्हणा." सगळे हसले. दवाखाना नाही हे सरकारलाही ठाऊक आहे, मग होत काहून नाही, यावर दोघे जण तिथेच तणतणायला लागले. मला इतकं बरं वाटलं बाबा! आजवर गावाने आकडे फक्त दिले होते, त्या दिवशी पहिल्यांदा मागून घेतले.

मग मी बायकांचा रकाना मोठ्याने वाचला. आधी हशा पिकला. काकी पुढे आली आणि दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरले. "आमी काम नाई करत? मंग हे घट्टे काय झोपा काढून पडले?"

मी विचारलं, "काकी, बाबांनी तुले काय विचारलं होतं?"

"मास्तरनं इचारलं, कामाले जाते काय. म्या म्हणलं, नाई जात."

"काहून म्हणली असं?"

"अवं, मंग खोटं सांगू काय? कामाले त्या जातात, मजुरीवाल्या. आमी आपल्या वावरात जातो."

तिथेच मला सगळं उलगडलं. आपल्याकडे 'काम' म्हणजे दुसऱ्याच्या वावरातली मजुरी. स्वतःच्या वावरात दिवसभर कंबर मोडली तरी ते काम नाही, ते नुसतं वावरात जाणं. कामाले जात नाही हे तर ताठ मानेने सांगायचं. प्रश्न दिल्लीहून निघाला तेव्हा त्या शब्दाचा एक अर्थ होता, आपल्या नाल्यापर्यंत येईस्तोवर दुसरा झाला. ज्यांना जमीन नव्हती त्याच बायका रकान्यात चढल्या आणि बाकी सगळं गाव घरी बसून खाणारं ठरलं. तुम्ही ऐकलं तेच लिहिलंत, कबूल. पण कान उघडे ठेवताना डोळे मिटायला कोणी सांगितलं होतं?

छापलेलं बदलत नाही. पुढच्या गणतीला उशीर होता आणि काकीचं लेकरू तोवर धुऱ्यावरच असणार होतं. म्हणून आम्ही आमचंच मोजायचं ठरवलं. वेचणीचे दिवस होते. वावरांकडे जाणारी वाट नाल्यापाशी एकच होते, तिथे दगडावर एक टोपली ठेवली. वावरात जाणाऱ्या प्रत्येक बाईने, मग वावर कोणाचंही असो, टोपलीत एक सरकी टाकायची. वेचणाऱ्या बाईच्या कमरेला खोचलेल्या पदराच्या ओट्यात सरकीला काय तोटा! मी रजा टाकून नाल्यावर उभी राहिले. मजुरीवाल्या बाया आल्या, हसत सरकी टाकून गेल्या. त्यांच्यामागे शेतवाल्या आल्या आणि टोपलीला वळसा घालून निघाल्या. काकीसुद्धा! तिने हळूच मागे पाहिलं, आणि कोणाकडे पाहिलं ते मला कळलं. मागून आई येत होती, डोक्यावर गाठोडं, पदर नीट. मास्तरीणबाई टाकते का, याची सगळ्या वाट पाहत होत्या. आई माझ्याकडे न बघता टोपलीवरून पुढे गेली.

संध्याकाळी चुलीपुढे आम्हा मायलेकींचं जुंपलं. "तू काहून नाई टाकली वं सरकी?" मी विचारलं. तर म्हणाली, "मास्तरची बायको मजूर म्हणून लेहशील सरकारात? ते गेले म्हणून माही अब्रू सस्ती झाली काय?" मीही ऐकणाऱ्यातली नव्हते. म्हटलं, "बाबांनी तर तू काहीच करत नाही असं लिहून ठेवलं. तीस वर्षं राबली त्याची ही किंमत?" आईने भाकर तव्यावर टाकली आणि ती उलटायचीच विसरली. "त्याइले नावं नको ठेवू," ती म्हणाली. "त्याइनं दोनदा इचारलं मले. कामाले जाते काय, म्या म्हणलं नाई. पेन तसाच धरून बसले होते. माह्या हाताकडं पाहून राहिले होते. पुन्हा इचारलं, नक्की नाई काय? म्या म्हणलं, नाई म्हणजे नाई, लेहा. मंग लेहलं." भाकर करपली. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तुम्ही डोळे मिटले नव्हते बाबा. तुम्ही पाहिलं होतं, आणि तिचा मान राखला होता. त्या मानापायी तिच्या हातांचा मान गेला, हेही तुम्हाला कळलं असणार. मला तुमची कीव आली आणि तुमचा रागही आला, आणि खरं सांगते, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मी आईला एवढंच म्हटलं, "तू टाकल्याशिवाय काकी टाकत नाही, आणि काकीने टाकल्याशिवाय तिची पोरगी शाळेत परत जात नाही. तुझी अब्रू सांभाळायची किंमत ती पोरगी भरून राहिली आहे."  सकाळी नाल्यावर ती सगळ्यांच्या पुढे होती. गाठोडं खाली ठेवलं, ओट्यातून सरकी काढली, टोपलीत टाकली आणि मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "टाका वं! पाहून काय राहिल्या?" सरक्या टोपलीत पडायला लागल्या. मी आकडे मांडण्यात आयुष्य घालवलं, पण त्या सकाळइतका आनंद मला कधी झाला नाही.

ती टोपली मांडीवर घेऊन मी एसटीने साहेबांकडे गेले. "हे काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्या गावातल्या काम करणाऱ्या बायका." ते हसले, मग म्हणाले की याला सरकारी आधार नाही. मी म्हटलं, नसेल, पण नाला सरकारी नकाशात आहे, एक दिवस कोणाला तरी सकाळी तिथे उभं करा. त्यांना नाही म्हणता आलं असतं, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एका बाईंना पाठवलं, त्या थंडीत शाल गुंडाळून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तरी खेटे चुकले नाहीत. मीही सोडलं नाही. रजा संपल्या तेव्हा बिनपगारी गेले. पुढची शाळा भरली तेव्हा तुमच्या शाळेच्या पडवीत बालवाडी सुरू झाली आणि काकीची पोरगी पुन्हा वर्गात बसली, एक इयत्ता मागे, पण बसली.

नंतर ते वाढतच गेलं. पारशिवनीच्या बाजारात आपल्या भिंतीची गोष्ट पसरली आणि आजूबाजूच्या गावचे लोक रविवारी नंदनवनात माझ्या दारात यायला लागले, आमची ओळ काढून द्या म्हणून. खापरखेड्याकडून दोघे जण आले, त्यांच्याकडे वीज केंद्रावर बाहेरगावचे कामगार येऊन गाव फुगलं होतं आणि नळ तेवढेच. मी पट्टी घेऊन बसायची, ओळ उतरवायची, मराठीत करायची आणि देताना एकच सांगायची. हे नुसतं टांगू नका, बायकांना वाचून दाखवा आणि त्या कुठे हसतात ते लक्षात ठेवा. पुढच्या गणतीच्या आधी मी गावोगाव हेच बोलत फिरले, की विचारतील तेव्हा वावराचं काम सांगा, ढोरांचं सांगा, सगळं खरं सांगा. खरी मोजणी झाली नाही तर आपण नाहीच, असं मी ठासून सांगायची.

त्या गणतीला मी मुद्दाम आईजवळ येऊन बसले. मोजायला एक तरुण शिक्षिका आली होती, परगावची, आपल्याला न ओळखणारी. आईने काम विचारल्याबरोबर सांगितलं, "करतो नं! वावर मीच करतो." मी मनात टाळी वाजवली. मग तिने विचारलं, घरी आणखी कोण राहतं? आई म्हणाली, "हे. मास्तर." वय विचारलं. आईने बोटांची पेरं मोजली आणि तुमचं वय सांगितलं. गेलात तेव्हाचं नव्हे, मधली सगळी वर्षं त्यात धरून. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ती शिक्षिका लिहीत होती.

मी बोलायला हवं होतं. गावोगाव खऱ्या मोजणीचं सांगत फिरणारी मी, तिथे चहा ठेवायला आत निघून गेले. हे कोणाला दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र असंच राहू देते. त्या सालच्या आकड्यात आपल्या गावात एक पुरुष जास्त आहे बाबा, आणि तो मी कोणाला खोडू देणार नाही.