अकरा अडचणी फोनवरून

३ डिसेंबर, बुधवार

अकरा अडचणी, सतरा दिवस. वीस तारखेपर्यंत या अडचणींवरचं मराठी मदतीचं पान पूर्ण झालं नाही तर एडिटरच्या नव्या आवृत्तीतून मराठी काढून टाकणार. हा एडिटर बनवणारे लोक देशोदेशी विखुरलेले, फुकट काम करणारे. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पण वरवट बकालला वनिताच्या वर्गात आठ जुनी यंत्रं आहेत आणि प्रोग्रॅम लिहायचा दुसरा कुठलाही एडिटर त्यांच्यावर धड उघडत नाही. शेतातली कामं सांभाळून बाया तिथे वेबपानं बनवायला शिकतात. मेनू इंग्रजी झाला तर काय, हे वनितानेच सांगितलं: "अर्ध्या बाया घरी, अन् उरलेल्या मले पाहून हसतीन." धाकटी बहीण. नाही म्हणता येत नाही.

पद्धत ठरवली. नवी नाही. पेपरात होतो तेव्हा तालुक्यावरून फोनवर बातमी वाचायचो, तेव्हा पलीकडचा लिहून घ्यायचा. त्याने "काय म्हणालात?" विचारलं की वाक्य वाईट, लगेच खोडायचं. इथेही तेच. मी लिहून देऊळगाव राजाहून वाचणार, वर्गातली एक जण ऐकून यंत्रावर करणार. परत विचारलं की खोडायचं.

५ डिसेंबर, शुक्रवार

अडचण १, म्हणजे अ. १ (अक्षर टाकलं की पुढचं खाल्लं जातं) पहिल्याच वाचनात पास. इन्सर्टची कळ चुकून दाबली जाते, एवढंच. अ. २ (फाईलच्या नावाला .txt चिकटतं) पास. मी "शेपूट" लिहिलं होतं. बाया हसल्या, पण कोणी परत विचारलं नाही. शब्द राहील.

अ. ४, शब्दांचे रंग न दिसणं. दोनदा "काय?" आलं. पहिली दोन वाक्यं गेली, त्यांच्याशिवाय काही अडलं नाही.

वनिता: "दादा, पेपरात असं सोपं लिहिलं असतं ना, तर लोकायनं तुले वाचलं असतं."

तीन झाल्या.

६ डिसेंबर, शनिवार

वाईट दिवस. चूक माझी.

अ. ५, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येणं. यंत्रावर शोभा इंगळे. गावात तिची भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे. सासूला आठवणारे वांगी-मिरचीचे जुने वाण विचारून विचारून तिने महिनाभर एका बोटाने टाईप केले. चौऱ्याऐंशी वाण. सरावासाठी तिने तीच फाईल उघडली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

माझी तिसरी पायरी: एडिटरने काही विचारलं तर "हो" दाबा. शेवटची ओळ: मात्र अक्षरं हरवतील असा इशारा आला तर "नाही" दाबा. तिने तिसरी पायरी ऐकली आणि हो दाबलं. शेवटची ओळ मी वाचेपर्यंत चौऱ्याऐंशी वाणांची प्रश्नचिन्हं झाली होती, सेव्हसुद्धा.

पस्तीस वर्षं बातमी अशीच लिहिली. महत्त्वाचं वर, बारीकसारीक खाली, जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद कापायचा. धोक्याची सूचना मी त्या कापायच्या जागी ठेवली.

शोभा फोनवर एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी सांगतलं तसंच केलं मी."

तिसरी पायरी खोडली. इशारा आता सगळ्यात वर, एकटा.

८ डिसेंबर, सोमवार

मिळाले!

मूळ इंग्रजी पानाच्या तळाशी दोन ओळी होत्या: एडिटर प्रत्येक फाईलची आधीची प्रत गुपचूप ठेवतो. कुठे, ते धड लिहिलेलं नाही. आणि तो फोल्डर लपलेला. इथे माझ्या यंत्रावर शोधला, तिथे वनिता नि शोभा शोधत होत्या. पाऊण तास. मध्ये एकदा त्यांची लाईन, म्हणजे वीज, गेली, वीस मिनिटं नुसतं एकमेकांच्या घरचं विचारलं. लाईन आली, फोल्डर उघडला, आणि शोभाचा आवाज, "अव माय! हे पाहा, हे पाहा, काटेरी वांगं!"

एकोणऐंशी परत आले. पाच शेवटच्या दिवशीचे, ते गेले. "पाच काय, सासू घरीच हाय," म्हणाली.

लपलेली आधीची प्रत शोधणं, हीच अ. १० करायची ठरवली. मजकूर मी लिहिला नाही. तिने कसं शोधलं ते तिने सांगितलं, मी उतरवून घेतलं. एक शब्द बदलावा लागला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळीच वनिता. "दादा, तीन नंबरच्या यंत्रावर एडिटर उघडतच नाही. दाबलं का पांढरं होते अन् बंद."

इंग्रजी पानाप्रमाणे सगळं केलं. काही नाही. शेवटी म्हटलं, काल कोणी काय बदललं? वनिता: "मीच. शोभाले बारीक दिसत नाही म्हणून अक्षर मोठं केलं. सेटिंगच्या फाईलीत अठरा टाकलं." कसं टाकलंस? "कसं म्हणजे? एकावर आठ."

कळफलक मराठीवर होता. १८ गेलं होतं, 18 नाही. एडिटरला आकडा सापडत नव्हता, तर बिचारा काय करणार.

मागून शोभा: "मास्तरीणबाईच नापास!" सगळा वर्ग हसला. वनिता पण.

उपाय साधा. सेटिंगच्या फाईलचं नाव बदलायचं, एडिटर स्वतः नवी बनवतो. मग आकडा इंग्रजी कळफलकावरून. ही अडचण मूळ पानावर नाही, कारण ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे आकडेच नाहीत. आपल्याकडे उद्या कोणाचंही हेच होणार. यादीतली अ. ३ अगदीच किरकोळ होती, ती काढून ही घातली.

मधे झालेली अ. ६ धरून सात झाल्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

निखिलची मेल. पुण्याचा, मराठी गटाचा तपासनीस. त्याच्या होकाराशिवाय पान पुढे जात नाही. सभ्य मुलगा, "सर" म्हणतो. पण सगळं पान लाल. फाईलची संचिका केली, सेटिंगचा विन्यास, "नाव बदला"चं "पुनर्नामकरण करा". अ. ३ पूर्ण काढली: मूळ पानावर नाही. खाली लिहिलंय, पान सगळ्या महाराष्ट्रासाठी आहे, एका भागाच्या बोलीसाठी नाही.

माझ्या मजकुरात बोलीचा एक शब्द नाही. शोधून पाहिलं.

रागाचं उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. चहा घेऊन बालाजीच्या देवळापर्यंत चालून आलो. दुसरं लिहिलं, चार ओळी: तुमचा मजकूर बरोबर असेल. मंगळवारी दुपारी तुम्ही स्वतः फोनवरून तो वर्गाला वाचून दाखवा, मी ऐकत राहीन, बोलणार नाही. तुमचं वाचून काम झालं तर तुमचं ठेवू.

आठ दिवस राहिले.

१३ डिसेंबर, शनिवार

निखिलचं उत्तर: चालेल.

वनिताला सांगितलं. ती: "येऊ दे त्याले. शोभाले बसवतो." म्हटलं, मुद्दाम अडवायचं नाही. कळलं तर करायचं. "मुद्दाम कायले अडवा लागते? ते आपोआप अडते."

१६ डिसेंबर, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

वनिताने तीन नंबरच्या यंत्रावर पुन्हा मराठी १८ टाकून ठेवलं होतं. शोभा बसली. निखिल फोनवर, मी पण. अ. ३ चा त्याने आपल्या भाषेत मजकूर केला होता, हे मानायला हवं.

निखिल: "प्रथम विन्यास संचिकेचे स्थान निश्चित करा."

शोभा: "कोणाचं?"

"विन्यास संचिकेचे."

"अव वनिताबाई, हे भाऊ कोण्या बाईचा पत्ता विचारून राह्यले?"

हसण्याचा आवाज इतका की फोन कानापासून दूर धरला. निखिल थांबला, पुन्हा सावकाश वाचलं. दुसरं वाक्य. तिसरं. शोभाने खरंच प्रयत्न केला, दर वेळी "थांबा हं" म्हणायची. चौथ्या वाक्यानंतर तिने विचारलं, "भाऊ, तुमी घरी बी असंच बोलता?"

मग निखिल: "नाही हो ताई. घरी मी फाईलच म्हणतो."

"मंग आमालेच काऊन पोथी?"

त्याने माझा मजकूर उघडला. माझ्याऐवजी स्वतःच वाचला. पाच वाक्यं. शोभा: "हाव... हाव... झालं... हाव... उघडलं!" मागे टाळ्या.

नंतर मला एकट्याला फोन. म्हणाला, सर, संचिका काढतो, सगळ्या. आणि अ. ३ राहू दे, मी बनवणाऱ्यांनाही कळवतो. मग जरा चाचरत: "पण अ. ६ मध्ये तुम्ही 'वर उजवीकडे' लिहिलंय. नव्या आवृत्तीत ते बटण डावीकडे गेलंय."

पाहिलं. खरंच गेलंय. त्याचं बरोबर, माझं चूक. लगेच बदललं, आभार मानले. ही चूक तशीच छापली असती तर फोनवर कोणाला कळलीही नसती. वर्गात जुनी आवृत्ती आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अ. ११ (फार मोठी फाईल उघडली की अडखळतं) एवढीच बाकी, आणि शेवटी अकराही एका दमात वाचायच्या. निखिलची अट नाही, माझी.

सकाळी अकराला वाचायला बसलो आणि तिकडे लाईन गेली. बाराला नाही. दोनला नाही. वनिता दर अर्ध्या तासाने: "नाही आली." कापूस वेचायला जाणाऱ्या बाया दुपारी शेतात जायच्या, त्या बसून राहिल्या. वर्तमानपत्रात अशा वेळी मी दुसरी बातमी हातात घ्यायचो. आज घेतली नाही. वाट पाहिली.

पावणेपाचला आली. शोभाच्या घरून निरोप आला होता, ती निघाली नाही. अकरा अडचणी, एकेका यंत्रावर एकेक बाई. (अ. ६ चं बटण जुन्या आवृत्तीत अजून उजवीकडेच, हे आधीच सांगून ठेवलं होतं.) एकदाही "काय म्हणालात?" आलं नाही. एकदाही.

सव्वासहाला संपलं. वनिता म्हणाली, "दादा, आता तू बोल काईतरी." म्हटलं, उद्या पाठवतो.

२० डिसेंबर, शनिवार

अकरा चाळीसला पाठवलं. बाराला निखिलचा होकार: "सर, एकही दुरुस्ती नाही."

अशी ओळ आयुष्यात कोणत्या उपसंपादकाकडून आली नव्हती.

२४ डिसेंबर, बुधवार

बनवणाऱ्यांचं पत्र. मराठी राहिली! आणि पुढे: आकड्यांची अडचण (आमची अ. ३) ते आता मूळ इंग्रजी पानावरही घेताहेत, म्हणजे सगळ्या भाषांत जाईल. बंगालीवाल्यांनी आणि अरबीवाल्यांनी लगेच कळवलं की आमच्याकडेही हेच होतं, कारण सापडत नव्हतं.

वनिताला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग: "माह्या चुकीचं एवढं कौतुक! लग्नात बी झालं नव्हतं."

पत्रात एक ओळ अजून आहे. प्रत्येक भाषेच्या पानाला कायमचा एक राखणदार हवा. पुढच्या आवृत्तीआधी नाव कळवा, नाहीतर भाषा पुन्हा यादीत. काढायच्या यादीत, म्हणजे.

२८ डिसेंबर, रविवार

नवी आवृत्ती आठही यंत्रांवर चढली. वनिताने पडद्याचा फोटो पाठवला, मेनू मराठी, मदतीचं पान मराठी, पुढे शोभाचं बोट. दोन नव्या बाया पुढच्या महिन्यापासून येणार म्हणे. शोभाच्या वाणांचं पान पूर्ण. चौऱ्याऐंशीचे एक्क्याण्णव झाले, सासूला रोज नवीन आठवतं.

४ जानेवारी, रविवार

निखिलला वाटतं राखणदार मी व्हावं. नको म्हटलं. मी नुसतं लिहितो; बिघडलेल्या यंत्रासमोर रोज मी बसत नाही. शोभाचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "मला का सुचलं नाही?" इंग्रजी पत्रं तो तिला फोनवर समजावून सांगेल.

वर्गात फोन केला, शोभाला विचारलं.

"मी? भाऊ, मी दहावी नापास हाय."

म्हटलं, पानावर ते कोणी विचारत नाही.

"घरी इचारतो. मग सांगतो."

घाई नाही म्हणालो. घाई आहे, पण ती माझी सवय.

७ जानेवारी, बुधवार

तीन दिवस काही नाही. वनिताला विचारलं तर म्हणते, तिच्या मागं लागू नको.

आज दुपारी शोभाचाच फोन. ना "हो", ना "नाही". सरळ: "भाऊ, एक अडचण तुमच्या पानावर नाहीच."

कोणती?

"लाईन जाऊन आली का पाच नंबरच्या यंत्रातली तारीख मागं जाते, पार जुनी. मग एडिटर म्हणते का फाईल दुसऱ्या कोणी बदलली. कोणीच नसते बदलली. बाया घाबरून बंद करून टाकतात."

लिहून घेतलं. उपाय काय, विचारलं.

"उपाय ठाऊक असता तर तुमाले फोन कायले केला असता? पण काढतो मी. दोन दिवस द्या."

मी राखणदारीचं विचारायच्या आत तिने फोन ठेवला.