अध्यक्ष खोलीबाहेर असताना

चंद्रहास सर,

हे पत्र तुम्हाला पाठवणार नाहीये, म्हणूनच लिहिता येतंय. तुमच्या कंपनीच्या बोर्डाच्या मूल्यमापनाचा रिपोर्ट आठवडाभर माझ्याकडे अडकलाय. एकच परिच्छेद लिहिते, खोडते, उठून भांडी घासते, पुन्हा बसते.

अध्यक्षांबद्दल बोलायची वेळ आली की अध्यक्षांनी बाहेर जायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत, ऑकलंडमधली पहिली नोकरी दिलीत तेव्हा. आपली ही जुनी ओळख मी बोर्डाला आधीच सांगितली, दुसरं कोणी बघा म्हटलं. "स्वीट ॲज," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही. इथे कोण कोणाला ओळखत नाही?

मूल्यमापनाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून तुम्ही बाहेर गेलात आणि आत सगळे तुमचं कौतुक करत राहिले. थोड्याच वेळापूर्वी तुम्ही मनुरेवाच्या गोदामाबद्दल तोच प्रश्न तीनदा विचारला होता. तुमचा सीईओ रणजित तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसून उत्तर देत होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी मुद्दाम विचारलं, "अजून काही?" सगळे कागद आवरायला लागले. मला संताप आला. एवढी तुमची माणसं, पण खरं बोलायची एकाची हिंमत नाही.

तेच रिपोर्टात लिहायला आज सकाळी बसले, तर तुमचा फोन. आवाज नेहमीसारखाच उत्साही. "विनिता, आमच्या बोर्डाचं एकदा मूल्यमापन करून घ्यावं म्हणतोय. तू करशील का?"

मी म्हणाले, "हो सर, नक्की. कधी सुरू करू?"

तुमची,
विनिता