सहाव्या मजल्यावर रूळ बदलणारी लिफ्ट

लातूर,
बुधवार, ६ ऑगस्ट २००३

आदरणीय वकारमामू यांच्या सेवेशी,

तुमचा भाचा तय्यब याचा सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर लावलेली ती हिरवी पट्टी आता निघाली असेल, अशी उमेद करून हे पत्र लिहितो आहे. (निघाली नसेल तर सबिहामामींनी मोठ्यानं वाचून दाखवावं, फक्त चौथ्या परिच्छेदाला आवाज जरा कमी करावा, त्यांना धाप लागते.) मामींचा गुडघा कसा आहे? वहिदानं दोघांना सलाम सांगितला आहे. फोन घरात असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही दोन वर्षांपासून नुसतं "हं" म्हणता आणि मामींकडे देता. पत्रात तुम्हाला "हं" म्हणता येत नाही, एवढा त्याचा फायदा.

तर मामू, काम काय चाललंय ते आधी सांगतो. तुम्हाला औसा रोडवरचे गुरुपादप्पा सर आठवतात का, केमिस्ट्रीवाले? भूकंपाच्या वेळी ते पत्र्याच्या शेडमध्ये अकरा पोरांना शिकवायचे. आता त्यांची सहा मजली इमारत आहे आणि अहमदपूरपासून हदगावपर्यंतची बाराशे पोरं डॉक्टर व्हायला तिथं येतात. एक बॅच सुटते आणि त्याच मिनिटाला दुसरी भरते. सहाशे वर जाणारे, सहाशे खाली येणारे, जिना एक आणि लिफ्ट एक, तीही आठ माणसांची. जिन्यात रोज अशी कोंडी व्हायची, की एका पोरीचा डबा चौथ्या मजल्यावर हातातून सुटला आणि तो खाली पोचायच्या आत त्यातली भाजी कुणीतरी ओळखली. सर मला म्हणाले, "तय्यब, माझी पोरं जिन्यातच अर्धी केमिस्ट्री विसरून राहिलीत. काहीतरी कर." लिफ्टच्या शेजारी दुसऱ्या लिफ्टसाठी सोडलेला शाफ्ट (म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतची उभी पोकळी) रिकामाच होता. दुसरा कुणी कारागीर असता तर त्यात दुसरी लिफ्ट टांगून घरी गेला असता. मी तुमचा भाचा. माझं बालपण मुदखेडच्या रेल्वे यार्डात, तुम्ही डबे जोडताना तुमच्या मागं फिरण्यात गेलं. मी म्हणालो, "सर, दोन शाफ्ट म्हणजे दोन लाईनी. एक अप, एक डाऊन. डबे तीन सोडू. एका शाफ्टनं वर जातील, सहाव्या मजल्यावर माणसं उतरली की रिकामा डबा आडवा सरकून दुसऱ्या शाफ्टात जाईल, तिथून खाली येईल, तळाला पुन्हा आडवा सरकून पहिल्यात. डब्याला डबा आडवा यायचा प्रश्नच नाही." सरांनी वहीवर दोन उभ्या रेघा मारून पाहिल्या. मग म्हणाले, "हे पुस्तकात हाय का?" मी म्हणालो, "परदेशात लोक यावर डोकं चालवून राहिलेत म्हणे. लातूरनं काय मागं राहायचं?" लातूरचं नाव घेतलं की सरांना नाही म्हणता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

आता अडचण अशी, की दोराला टांगलेला डबा रूळ बदलू शकत नाही. दोर त्याला सोडतच नाही (आमच्या वहिदाच्या माहेरच्या लोकांसारखं, हे मामींनी वाचू नये). म्हणून मी दोरच काढून टाकला. बांधकामावर माल चढवतात त्या पाळण्यासारखी दातेरी पट्टी शाफ्टभर उभी लावली आणि प्रत्येक डब्याला स्वतःची मोटार, स्वतःचा ब्रेक दिला. वीज गेली की ब्रेक पट्टीला आपोआप मिठी मारतो. आणि आपल्याकडे वीज कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको. माथ्याला आणि तळाला त्या पट्टीचा एकेक तुकडा कापून चाकांच्या चौकटीवर बसवला. डबा त्या तुकड्यावर येऊन थांबतो, मग चौकट डब्यासकट शेजारच्या शाफ्टात सरकते, तिथल्या पट्टीशी जुळते, खटका पडतो आणि डबा मोकळा. मधली भिंत दोन ठिकाणी फोडावी लागली. ती नुसत्या विटांची होती, कॉलमला न् बीमला मी हात लावला नाही, आणि इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय पहिली वीटही काढली नाही. तरी लातुरात भिंतीवर घण पडला, की अख्ख्या गल्लीतली माणसं घराबाहेर येऊन वर बघतात. आठ दिवस मी रोज शंभर जणांना समजावत होतो. दोन वर्षं लागली मामू. अकरा वेळा चौकट अडकली, अकरा वेळा खोलून पुन्हा बसवली. लोकांनी मला "आडवा तय्यब" असं नाव ठेवलं. मी ऐकून घेतलं आणि बाराव्यांदा चौकट बसवली.

गेल्या सोमवारी सकाळी सरकारी निरीक्षक बसवंतसाहेब तपासणीला आले. वाळूची पोती भरून तिन्ही डब्यांनी चार चार फेऱ्या मारल्या, काही झालं नाही. नियमाप्रमाणे डबा सरकताना आत माणूस नको, पण साहेब म्हणाले, चुकून कुणी आत राहिलंच तर त्याला काय होतं ते मला पाहायचंय. म्हणून साहेब, गुरुपादप्पा सर आणि मी असे तिघं बसलो. सहाव्या मजल्यावर डबा थांबला, चौकट हलली, आणि असा दणका बसला मामू, की सरांचा चष्मा साहेबांच्या खिशात गेला. चौकटीचं एक चाक रुळावरून उतरलं आणि आम्ही दोन शाफ्टांच्या बरोबर मधे अडकलो. ब्रेकनं पट्टी धरलेली होती, पडायची भीती नव्हती. ते मी साहेबांना तीनदा सांगितलं. पण तो दणका सहाव्या मजल्याच्या फरशीतून गेला. बाकं हलली. लातूरच्या माणसाला बाक हललं म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. कुणीतरी "भूकंप!" म्हणून ओरडलं आणि सहाशे पोरं जिन्यावर आली. ही पोरं भूकंपाच्या साली पहिली-दुसरीत होती, पण घराघरात शिकवलेलं असतंच. धक्काबुक्की नाही, रडारड नाही, एका रांगेत, भिंतीकडेनं. बसवंतसाहेबांनी आतूनच जिन्यातली पावलं ऐकत घड्याळ लावलं. चार मिनिटांत इमारत रिकामी. सर खाली चष्मा चाचपत म्हणाले, "तय्यब, चार मिनिटात! मग ही लिफ्ट कशाला पाहिजे?" मी म्हणालो, "सर, रोज भूकंप कुठून आणायचा?"

पण खरी गोष्ट पुढंच आहे. सरांच्या आई साखराबाई, वय सत्तरच्या पुढं. भूकंपात त्यांचं निलंग्याकडचं घर पडलं आणि पाच तास त्या माळवदाच्या मातीखाली होत्या. तेव्हापासून या इमारतीत त्या कधी राहिल्या नाहीत. अंगणात पत्र्याची खोली बांधून घेतली. दहा वर्षांत त्यांनी एक पायरी चढलेली नाही. लेकाचा वर्ग कसा दिसतो तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पोरं "भूकंप" म्हणत बाहेर आली तेव्हा साखराबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "गुरू कुठाय?" कुणीतरी सांगितलं, सर वर लिफ्टमध्ये अडकलेत. मामू, सहाशे पोरं खाली येत होती आणि ती एकटी म्हातारी त्यांच्यातून वर निघाली. पोरं अडवायला गेली तर म्हणाली, "सरका. माझं लेकरू वर हाय."

त्या वर निघाल्याचं आम्हाला आत ठाऊकच नव्हतं. एकदम बाहेरून दारावर थाप पडली.

"गुरू, हायेस का रे?"

"अव्वा?" सर इतक्या बारीक आवाजात बोलले, की मला वाटलं बसवंतसाहेबच बोलले. "अव्वा, तू वर कशी आलीस? खाली जा. भूकंप न्हाई तो, आमचाच धक्का हाय."

"ते मला खालीच कळलं. तांब्यातलं पाणी हाललं न्हाई. तू अडकलास म्हणून आले." मग मला म्हणाल्या, "तय्यब, काय करू ते सांग."

दोन शाफ्टांच्या मधे कॉरिडॉरच्या बाजूला मी दुरुस्तीची झडप ठेवली आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जाळी लावून. तिच्यातून ते उतरलेलं चाक दिसतं. माझी माणसं पोरांबरोबर खाली पळालेली, पण पहार तिथंच टाकून गेली होती. मी आतल्या बटणानं मोटारीची वीज बंद केली आणि सांगितलं, "आजी, बाहेरूनच. जाळीच्या आत नुसती पहार घाला. चाक चार बोटं उचललं की ते रुळावर येईल. पण जोर लई लागंल, कुणाला तरी हाक मारा."

"जोर कशाला लागतो?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ नुसते खडखडल्याचे आवाज. शेवटी म्हणाल्या, "इटकर लावली पहारीखाली. गुरूनं मला काढलं तवा असंच केलतं. पहिल्यांदा नुसतंच उचलाय गेला तर माती माझ्यावर आली. मग खाली दगड लावला, मग उचललं. मी खालून आयकत होते की."

सरांनी तोंड भिंतीकडे केलं. बसवंतसाहेब कागदावर काहीतरी लिहीत होते, त्यांचा पेन थांबला. तेवढ्यात "टक" असा आवाज झाला आणि चाक रुळावर आलं. मी आजींना पहार काढून लांब व्हायला सांगितलं, वीज सुरू केली आणि चौकट मुंगीच्या पावलानं नेली. खटका पडला. दार उघडलं तेव्हा समोर साखराबाई, पदर कमरेला खोचलेला, हाताला ग्रीस. लेकाकडे बघून म्हणाल्या, "चष्मा कुठं टाकलास?"

(इथं मामींना थोडं पाणी द्यावं.)

यानंतरचा प्रकार असा, की साखराबाई वर गेल्या त्या वरच आहेत. जिना उतरताना खालचं सगळं दिसतं, ते त्यांना बघवत नाही. दोनदा निघाल्या आणि तिसऱ्या पायरीवरून परत गेल्या. लिफ्टचं नावही काढू देत नाहीत. आज तिसरा दिवस. सहाव्या मजल्यावर त्यांचं अंथरूण, त्यांची शेगडी आणि शेंगांचं टोपलं. दिवसभर त्या पहिल्या बाकावर बसून लेकाचा तास ऐकतात. काल सर एका पोराला रागावले तर पहिल्या बाकावरून आवाज आला, "गुरू, तूबी दोनदा नापास झालतास." तेव्हापासून सहाव्या मजल्याची हजेरी पूर्ण आहे. बसवंतसाहेबांनी मला आठ दिवसांची मुदत दिली आहे. दणका का बसला ते लेखी द्या, आणि सोमवारी पुन्हा तपासणी. मी हिंमत सोडलेली नाही. ही लिफ्ट चालणार म्हणजे चालणारच.

बाकी सर्व ठीक. पाऊसपाणी बेताचं आहे. मामींना सलाम, तुम्हाला आदाब.

तुमचा आज्ञाधारक
तय्यब

ता. क. १. आज्ञाधारक हा शब्द लिहिल्यावर पेन अडखळला, म्हणून खरं ते लिहितो. सगळ्यांना मी सांगितलं, की चाकाचा माल खराब निघाला. ते खोटं आहे. डबा थांबल्यावर चौकट हलायच्या आधी सहा सेकंदं जायची. फेरी लवकर व्हावी म्हणून मी ती दोनवर आणली. पोत्यांना फरक पडला नाही, कारण पोती हलत नाहीत. माणसं हलतात. डबा अजून झुलत होता आणि मी चौकट सोडली. दोन वर्षांपूर्वी ईदला तुम्ही माझा लाकडी नमुना बघून म्हणाला होतात, "डबा थांबला म्हणजे हालायचा बी थांबला पाहिजे, मग रूळ बदल." आणि मी चार पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "मामू, ही तुमची मालगाडी न्हाई." त्या शब्दाची माफी मागतो. पाहुण्यांपैकी दोघं अजून लातुरात आहेत, त्यांच्या घरी जाऊनही मागेन. बसवंतसाहेबांना खरं कारण लेखी दिलं आहे; ते पाकीट आज सकाळीच टाकलं, म्हणजे मला मागं फिरता येऊ नये. सरांनाही तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "अव्वाला तू सांग."

ता. क. २. आजींना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला लिफ्टचं भ्या न्हाई रे. धक्का बसला की घर पडतंय असं वाटतंय. धक्का न देता उतरिव, मी बसते." मामू, आता मी थांबायची वेळ नऊ सेकंदं केली आहे, सुरुवात एकदम गुळगुळीत आहे, पण पलीकडच्या पट्टीला टेकताना शेवटचा बारीक हिसका अजून जात नाही, आणि तो पट्टीतून खाली उतरणाऱ्या डब्यालाही बसतो. तुम्ही तेहतीस वर्षं डब्याला डबा असा टेकवलात, की आतल्या बकऱ्या उठायच्या नाहीत. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. या. मुदखेडहून सकाळच्या गाडीनं नांदेड, तिथून लातूरची एसटी. अहमदपूरला चहा प्यायला उतरलात तर पिशवी बरोबर घ्या.

ता. क. ३. तुम्ही रविवारी येता, असं मी आजींना सांगून टाकलं आहे. त्यांनी विचारलं, "चूक आधीच सांगितली ती ह्याच मामूनं का?" मी मान हलवून "हाव" म्हणालो. तर सोमवारी त्या बसणार आहेत, पण शेजारी तुम्ही पाहिजेत, मी नको. सरांनी लगेच जिन्याखालच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही टाकलं: "सोमवार, सकाळी दहा. अव्वा लिफ्टने खाली येणार. बाकी सर्वांनी जिना वापरावा."