उभ्याने म्हटलेलं स्पॅनिश

२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. गुडघा दवाखान्याच्या पायऱ्या चढू देतो ना?

माझं स्पॅनिश बुडालं गं. नात पाच वर्षांची, सूनबाईच्याच स्पॅनिश भाषेत वाढलेली. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून या वयात नवी वही केली. 'आवडणे' हे एकच क्रियापद इंग्रजी पुस्तकातून चार आठवडे घोटलं. काल व्हिडिओ कॉलवर आपल्या कॉन्व्हेंटच्या सवयीने उभी राहिले, हात पाठीशी बांधले आणि सगळी रूपं घडाघडा म्हणून दाखवली. पोरगी बापाला म्हणाली, ही आजी नाही, शाळेतल्या बाई आहेत. आणि उठून गेली. मुलगा हसला. मला नाही हसता आलं.

लोभ आहेच, या खेपेस थोडा जास्त पाठव.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघा कुरकुरतो, पण माझ्या पेशंटांपेक्षा कमी.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरना जाऊन वीस वर्षं झाली आणि तू अजून त्यांच्यापुढे उभीच! खाली बस बघू. जन्मभर शिवणयंत्रावर बसून गप्पा मारल्यास, रिकाम्या हातांनी तुला कधी धड बोलता आलंय का? आणि इंग्रजीचा वळसा कशाला? 'मे गुस्ता' म्हणजे आपलं सरळ 'मला आवडतं'. एखादी वस्तू दाखव, 'ते गुस्ता?', म्हणजे 'तुला आवडतं?', असं विचार आणि गप्प राहा. हे शेवटचं तुला सर्वांत जड जाईल.

रागावलीस तरी चालेल, माया आटवू नकोस.
तुझी धाकटी

१८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या रविवारी बसले, बटणांचा डबा मांडीवर घेऊन. एकेक बटण कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, ते गुस्ता? निळं आवडलं, शिंपल्याचं नाही. पितळी बटणाला ती इतक्या जोरात हो म्हणाली की सूनबाई आतून धावत आली. मग पोरगी पळालीच. म्हटलं, संपलं. तर परत आली ती पायातला मोजा ओढत, अंगठ्याशी हे एवढं भोक! तो कॅमेऱ्याला लावून मलाच विचारते, ते गुस्ता? वही कपाटात होती. 'नो मे गुस्ता,' आपसूक तोंडून गेलं. केवढी खिदळली! रफूला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून सुईदोरा दाखवला.

आज टपालाने मोजा आला, एकच. मुलगा लिहितो, दुसरा पायात घालून हिंडते आणि विचारेल त्याला सांगते, जोडीतला आजीकडे गेलाय.

आवरते, दोरा ओवायचाय. अशीच दटावत राहा.
तुझी ताई