मिठागरं की नदीचं मुख

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तोफ, म्हणजे मी, अजून शाबूत आहे. परदेशच्या सुटीत पक्षी कुठे बघायचे ते मी ठरवावं, असं अण्णा म्हणाले. मला नाही, आईला म्हणाले. मी कॉलेज मध्येच सोडल्यापासून आमचं सगळं बोलणं आईमार्फत चालतं, मी समोर बसलेलो असलो तरी. पण म्हणाले ना! दुर्बिणींच्या दुकानात भिंगं पुसणाऱ्या पोरावर हे सोपवलं, म्हणजे काहीतरी वाटलंच असेल.

मी मिठागरं निवडली. उथळ पाणी, रोहित पक्ष्यांचे थवे, बसायला लाकडी आडोसा, अण्णांना चालायला नको. घरात जाहीर केलं तेव्हा माझी मान इतकी ताठ होती, की आईने विचारलं, लचकली का.

धाकट्यावरचा लोभ या निमित्ताने वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा,
तोफ

२० जानेवारी

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा मीही उघडला. मिठागरांना लागूनच ते शहर आहे, जिथे तुझी टिटवी शिकायला गेली. अखंड बडबडणारी ती पोरगी मलाही आवडते. पण आम्हाला आडोशात बसवून तू पसार होणार, असं दिसतंय. भडकू नकोस, आधी पुढचं वाच.

मागे घरी आले होते तेव्हा सकाळी अण्णांबरोबर गच्चीत होते. तारेवर पक्षी बसला होता, उन्हाच्या बाजूला. त्यांनी नाव सांगितलंच नाही. तो उडून जाईपर्यंत चष्मा पुसत राहिले. खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर उजेड समोरून आला की त्यांना नुसतं पांढरं दिसतं, आणि हे हळूहळू वाढतच जाणार म्हणे. आईलाही माहीत नाही. पक्षी दिसेनासे होण्याआधी त्यांना ही एक सहल करायची आहे.

माया आहे म्हणून टोचते, एवढं समजून घे.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिटवीचं वाचलं आणि पत्र चुरगाळून फेकलं. मग पुढचं वाचायला कोपऱ्यातून उचलून आणलं. तुझा संशय खरा होता. मी येतोय असं तिला कळवूनही टाकलं होतं.

मिठागरांच्या कचेरीत फोन केला. आडोशाच्या खिडक्या पूर्वेला उघडतात, आणि दुपारी फाटक बंद. म्हणजे अण्णा सकाळभर चष्मा पुसणार आणि मी हा बघा, तो बघा करत बसणार! ज्यांनी बोट धरून मला पहिला पक्षी दाखवला, त्यांच्याशी हे करायचं? ते जमायचं नाही.

आता नदीचं मुख. आपण जाऊ त्या दिवसांत दुपारी भरती असते, ती पक्ष्यांना ढकलत काठाशी आणते, आणि बाकावर बसलं की ऊन आपल्या पाठीवर. एकेक पीस दिसेल. टिटवीचं शहर तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच एका वाक्यात थांबली. म्हणाली, अण्णांना नीट दाखव. माझं काय झालं ते लिहीत नाही.

घरी एवढंच बोललो, की मिठागरांत ऊन तोंडावर येतं. अण्णांनी पेपर खाली केला, पुन्हा वर धरला.

रागाला माफी आणि मला थोडी जागा, दोन्ही दे.

तुझा,
तोफ

१५ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकिटं आली. नदीच्या मुखाची. धाकट्याने कारण दिलं उन्हाचं, तेव्हाच समजलो, तू तोंड उघडलंस. तुझी खरडपट्टी भेटल्यावर. मिठागरं सोडल्यापासून पोरगा धड जेवत नाही. तुझी आई म्हणते, त्यामागे एक मुलगी आहे. मी विचारलं नाही. काहीतरी जिवाभावाचं सोडलंय, हे मला चष्म्याशिवायही दिसतं.

काल त्याच्या दुकानात गेलो. माझी जुनी दुर्बीण पुढ्यात ठेवून, ही चालेल का, असं त्यालाच विचारलं. आईला मध्ये न घालता. त्याने भिंगं खिडकीकडे धरून पाहिली आणि एवढं वजन गळ्यात अडकवून मान मोडून घ्यायची आहे का, म्हणून मला चक्क झापलं. मालक ओशाळला. मला फार बरं वाटलं.

येताना त्याच्या कॉलेजातले सर भेटले. चिरंजीव सध्या काय करतात, असं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. एरवी मी अशा वेळी हवापाण्याचा विषय काढतो. काल म्हणालो, दुर्बिणी दुरुस्त करतो, आणि आम्हाला पक्षी दाखवायला परदेशी नेतोय. सर वळणावरून दिसेनासे झाले, तरी मी सांगतच होतो.

आमच्यावरचा लोभ तसाच राहू दे, जरा त्याच्याकडेही वळव.

तुझे,
अण्णा